काटा उजवीकडे अडकला होता

आमच्या घरामागची बोअर 220 फुटांची, त्यात एक एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल. नऊ वर्षं तिने कुरकुर केली नाही, म्हणून मीही तिची विचारपूस केली नाही. जिन्याखालच्या पॅनलवर हिरवं बटण दाबायचं, टाकी भरली की लाल. वरच्या अँपिअरच्या काट्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं असतं तर मी शोभेचा म्हणालो असतो.

एप्रिलात एका सकाळी हिरवं बटण दाबलं आणि काटा झपकन उजव्या टोकाला जाऊन तिथेच राहिला. थोड्या वेळात ओव्हरलोड ट्रिप. मी रिसेट केलं. पुन्हा तेच. घरात पाहुणे, टाकीत वीतभर पाणी. सात-आठ वेळा तरी रिसेट केलं असेल. शेवटी एमसीबीच पडला, तो पुन्हा उभा राहीना.

घोडा लावून, चेनपुलीने मोटर वर काढली. अंगणभर पाइप. मिस्त्रीने मोटर उघडली तर वाइंडिंगच्या तारांवरचं प्लॅस्टिक वितळून तारा एकमेकींना चिकटलेल्या. मग त्याने पॅनलचं झाकण उघडलं. आत स्टार्ट कॅपॅसिटर फुगला होता. ‘‘काका, हा दोनशेचा डबा बदलला असता तर मोटर वर काढायची वेळच नव्हती.’’

सिंगल फेज मोटर स्वतःहून फिरायला लागत नाही, पहिला धक्का कॅपॅसिटर देतो. तो गेला की रोटर जागचा हलत नाही आणि करंट मात्र नेहमीच्या कितीतरी पट ओढला जातो. ओव्हरलोड मोटरीला वाचवत होता, मी त्यालाच परत परत ढकलत होतो. आणि कॅपॅसिटर गेला कशाने? हिरवं बटण दहा-दहा सेकंद दाबून धरायची माझी खोड. स्टार्ट कॅपॅसिटर दोन-तीन सेकंदांपुरताच असतो. जास्त वेळ दाबलं की जास्त जोर मिळतो, हा माझाच शोध!

तेव्हा एकदा ट्रिप झालं तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, व्होल्टेज बघा, फार तर आणखी एकदा चालू करून पाहा. काटा पुन्हा टोकाला गेला तर वायरमनला बोलवा. पॅनल स्वतः उघडू नका. मेन बंद केल्यावरही कॅपॅसिटर झटका देतो.

काटा नेहमीपेक्षा खाली उतरला तर दुखणं वेगळं. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, नळातून पाण्याबरोबर हवा उचक्या देत येते. आतली बेअरिंगं पाण्यावरच चालतात, मोटर थंडही पाण्यानेच राहते. कोरडी चालली की ती आखडते. लगेच बंद करा, बोअर भरू द्या. अँपिअर ठीक असून पाणी कमी येत असेल तर मोटरीवर संशय घेण्याआधी पाइपाला कुठे भोक पडलंय का, ते बघा.

रिवाइंडिंग करून मोटर उतरवली त्याच दिवशी पॅनलच्या दारावर चिठ्ठी चिकटवली: 230 व्होल्ट, साडेसात अँपिअर. परवा ही जिन्याखालून ओरडली, ‘‘अहो, काटा पाचावर आलाय!’’ लाल बटण तिनेच दाबलं होतं. बोअर भरायला दोन तास लागले.