मोठ्या शाळेत आपलं काहीतरी काम हवं

खानदेशात मिशनच्या शाळा तशा मोजक्या, पण नावं सगळ्यांना ठाऊक. जळगावात सेंट जोसेफ, भुसावळला सेंट अलॉयशियस, धुळ्यात कनोसा आणि चावरा. चर्चच्या हिशेबात हा सगळा मुलूख १९८७ साली झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. मी शिकवते ती शाळा मात्र लहान, चौथीपर्यंतची, सेमी इंग्रजी. पाचवीला आमची बहुतेक मुलं जवळच्या हायस्कूलला जातात. काहींना जागा मिळाली तर कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळतो. अशा मुलांना फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत, नवी शाळा दाखवून आणायची, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यात जे उमगत गेलं ते हे.

१. मुलांना शाळेची माहिती नको असते, तिथला दिवस कसा जाईल ते हवं असतं. शाळा कधी निघाली, निकाल किती टक्के लागतो, प्रयोगशाळा केवढी, हे पालक विचारतात. मुलांचे प्रश्न निराळे. डबा वर्गात खायचा की मैदानात? डब्यात कळण्याची भाकरी चालते का? सिस्टरांना नमस्कार केला तर चालतो का? आणि जो प्रश्न कुणीच मोठ्याने विचारत नाही, तो बाथरूमचा. नव्या शाळेत पहिले काही दिवस घरी जाईपर्यंत कळ काढणारी, त्यासाठी पाणीच न पिणारी मुलं, विशेषतः मुली, मला माहीत आहेत. म्हणून आता फाटकातून आत गेल्यावर आम्ही आधी बाथरूम बघतो, मग पाण्याचे नळ, मग बाकी सगळं. बाथरूमला जायची परवानगी मागायचं इंग्रजी वाक्य आमच्याच वर्गात महिनाभर आधीपासून रोज म्हटलं जातं. एवढ्याने मुलांच्या पोटातला निम्मा गोळा विरघळतो.

२. नुसतं दाखवून शाळा ओळखीची होत नाही. मुलाचं तिथे काहीतरी काम असावं लागतं. रांगेत फिरवलं की मुलं भिंतींकडे बघत चालतात आणि घरी जाऊन ‘खूप मोठी आहे’ एवढंच सांगतात. म्हणून प्रत्येकाला एकेक काम नेमून द्यायला लागले. एकाने आमच्या मुख्याध्यापकांचं पत्र ऑफिसात द्यायचं आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन यायचं. एकीने लायब्ररीतून चित्रांचं एखादं पुस्तक मागून घ्यायचं, वाचायचं, परत करायचं. एकाने शिपाईकाकांना विचारायचं की मधली सुट्टी किती वाजता होते आणि घंटा कोण देतं.

पत्राचं काम एकदा वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलाला दिलं. ऑफिसच्या दारापाशी तो बराच वेळ घुटमळला. आत दोन पालक फी भरत होते, ते बाहेर पडेपर्यंत थांबला. मग आत जाऊन दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं आणि तोंडातून शब्द न काढता उभा राहिला. क्लार्कबाईंनी पत्र वाचलं, शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली आणि ‘पाचवीत येणार ना रे?’ म्हणून विचारलं. बाहेर आला तो प्रत छातीशी धरून. परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये एक मुलगा ‘ऑफिस कुठे होतं गं?’ असं शेजारणीला विचारत होता, तर हा मागच्या सीटवरून ओरडला, ‘जिन्याखाली, डाव्या हाताला!’ वर्षभरात एवढा मोठा आवाज मी त्याचा ऐकला नव्हता.

३. परक्या देवाची भीती मोठ्यांना असते. आमची मुलं चॅपलसमोर आली की न सांगता चपला काढतात आणि हात जोडतात. एकीने सिस्टरांना विचारलं, ‘इथे प्रसाद मिळतो का?’ सिस्टर हसल्या, म्हणाल्या, ‘नाताळला ये, केक मिळेल.’ आवारात संत जोसेफांचा पुतळा होता, हातात सुताराचा काटकोन घेतलेला. मी जोसेफ कोण, येशू कोण असं मनाशी जुळवत होते, तेवढ्यात पिंप्राळ्याचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, यांच्या हातात गुण्या आहे. माझ्या पप्पांकडे पण आहे.’ त्याचे वडील दारं-खिडक्या करतात. ‘हो, ते सुतारच होते,’ म्हटल्यावर त्याने पुतळ्याच्या पायाशी रंधा आहे का, तेही वाकून बघितलं. माझ्या तयारीतलं पुढचं काही सांगायची गरजच उरली नाही.

४. पाट्यांवरच्या नावांमागे माणसं आहेत, आणि मुलांना ती सांगितलीच पाहिजेत. अलॉयशियस गोन्झागा हा इटलीतल्या सरदार घराण्यातला थोरला मुलगा. वारसा सोडून तो येशूसंघात गेला. १५९१ मध्ये रोममध्ये साथ आली, तेव्हा रोग्यांची सेवा करता करता स्वतः आजारी पडला आणि गेला. वय अवघं २३. मॅग्डलीन ऑफ कनोसा वेरोनाच्या श्रीमंत घरातली. पाच वर्षांची असताना वडील गेले, पुढे आईने दुसरं लग्न केलं आणि मुलं मागे राहिली. त्याच बाईने १८०८ मध्ये वाडा सोडून गरीब मुलींसाठी शाळा काढली. आणि कुरियाकोस चावरा तर आपल्याकडचे, केरळचे. प्रत्येक चर्चला जोडून शाळा हवी असा आग्रह त्यांनी १८६४ मध्ये धरला, आणि घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करून गरीब मुलांच्या दुपारच्या जेवणाची सोय केली. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न या तांदळावर येतात. मुठी मोठ्या होत्या की लहान, एका मुठीत कितीजण जेवतील, खिचडी करायचे की नुसता भात. खिचडी त्यांच्या रोजच्या ओळखीची, त्यामुळे चावराही लगेच ओळखीचे झाले.

५. पालकांच्या मनातला प्रश्न टाळला तर तो मुलाच्या दप्तरात बसून शाळेत जातो. एका आजींनी मला सरळ विचारलं, ‘मॅडम, पोराला बाटवणार तर नाहीत ना?’ मला त्यांचा राग आला नाही. नातवाची काळजी होती, आणि ती त्यांनी तोंडावर बोलून दाखवली, हे मला मोलाचं वाटलं. मी राज्यघटनेचं कलम २८ सांगितलं: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल लहान असेल तर पालकाची संमती लागते. अशा शाळांमध्ये सहसा ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालू असतो तेव्हा बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात, हेही सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं, पण चेहरा तसाच. मग त्यांनाच सोबत नेलं. पाचवीच्या वर्गातून ज्या टीचर बाहेर आल्या, त्यांच्या कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र. आणि त्या निघाल्या आजींच्या माहेरच्या गावच्या. दोघी व्हरांड्यात कुणाच्या लग्नावर बोलत बसल्या, आणि मी मुलांना घेऊन पुढे गेले. पालकांना आधी कायदा सांगावा हे खरंच. पण त्यांनाही तिथे एखादं ओळखीचं माणूस भेटावं लागतं.

६. इंग्रजीची भीती तिथल्याच माणसांनी घालवली, मी नाही. चाळीसगावकडून आलेला एक मुलगा घरी अहिराणी बोलतो, घाबरला की शाळेतही. त्याने गडबडून सिस्टरांनाच विचारलं, ‘पानी कोठे शे?’ सिस्टर मूळच्या केरळच्या, मराठी त्या इथे येऊन शिकलेल्या. त्यांना अहिराणी कितपत कळली देवच जाणे, पण ‘पानी’ कळलं. हात धरून नळापर्यंत गेल्या, त्याचं पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मी पण पहिल्यांदा आले तेव्हा काय बोलू समजत नव्हतं.’ पाचवीत गेल्यावर याला इंग्रजीचे कष्ट पडणारच आहेत, ते मी त्याच्या आईपासून लपवलं नाही. पण अडलं तर कुणाकडे जायचं हे त्याला फेब्रुवारीतच कळलं होतं.

७. मोठ्या शाळेबद्दल मुलं आपल्याहून वर्षभराने मोठ्या मुलांचं ऐकतात, शिक्षकांचं नाही. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत, हे आपल्याकडे सगळे कौतुकाने सांगतात. त्या दैनिकाचं मोठेपण मला आता जास्त कळतं: तिथल्या मुलांच्या रोजच्या जगण्याची बातमी तिथेच लिहिली जायची. नव्या मुलांना हे रोजचं जगणं आधी दिसायला हवं. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलं शाळा बदलतात, तेव्हा उन्हाळी सुट्टीआधी एक दिवस बहुतेक ठिकाणी त्यांना नव्या शाळेत बसवतात. आपल्याकडे अशी पद्धत नाही, आणि जूनमध्ये दारात सोडून आलेलं मूल आपोआप रुळेल असं आपण धरून चालतो. काही रुळतात. काही दिवाळीपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.

गेल्या वर्षी गेलेली एक मुलगी शनिवारी आमच्या वर्गात आली होती. तिने फळ्याजवळ उभं राहून सांगितलं की तिसऱ्या नळाचं पाणी गार असतं, पीटीच्या दिवशी पांढरे बूट विसरायचे नाहीत, गणिताच्या टीचर पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगतात, आणि पहिल्या दिवशी रडू आलं तर ग्राउंडवर मागच्या बाजूला निंबाखाली बाक आहे, तिथे बसता येतं. मी इतक्या वेळा त्या आवारात गेले, तो बाक मला माहीत नव्हता. सिस्टरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच मान्य केलं: यंदापासून आमच्या मुलांना शाळा दाखवायला पाचवीतलीच दोन मुलं फाटकाशी येणार आहेत, आणि टीचर मागून चालणार आहेत.