समुद्रकाकडीच्या जाती शरीररचनेवरून कशा ओळखाव्यात

समुद्रकाकडी ही नावाने काकडी असली, तरी ती वनस्पती नव्हे; तारामाशाच्या नात्यातला, कंटकचर्मी संघातील हा एक प्राणी होय. जगातील समुद्रांत तिच्या सुमारे १,७०० जाती आढळतात. तमिळ भाषेत तिला कडल अट्टै, म्हणजे समुद्रातील जळू, असे म्हणतात. आणि आपल्या देशात तिच्या व्यापाराचे मुख्य क्षेत्र तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळील मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर हेच होते. तेथे समुद्रकाकड्या उकळून व वाळवून पूर्वेकडील देशांना पाठविल्या जात. पुढे उपसा बेसुमार वाढला. १९८२ साली तीन इंचांहून लहान वाळलेल्या मालाच्या निर्यातीस बंदी झाली; तिने काम भागले नाही, म्हणून २००१ साली सर्वच समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणण्यात आल्या. तेव्हापासून त्या पकडणे अथवा विकणे हा गुन्हा आहे. जाळ्यात आलेली समुद्रकाकडी जिवंत असतानाच पाण्यात सोडून द्यावी.

सर्वच जाती संरक्षित असताना जात ओळखण्याचा खटाटोप कशासाठी, अशी शंका वाचकास येईल. ज्या प्राण्याचे रक्षण करावयाचे, तो वाढत आहे की घटत आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि दोन काळ्या जाती एकाच रकान्यात लिहिणारी मोजदाद दोहोंपैकी एकीविषयीही काही सांगत नाही. एक विपुल असेल, तर दुसरी नाहीशी झाल्याचे कागदावर कधी दिसणारच नाही. म्हणून पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांस व प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ही ओळख शास्त्रशुद्ध रीतीने करता आली पाहिजे.

प्रथम रंगाविषयी सावध करणे आवश्यक आहे. रंगावरून जात ठरविण्याचा मोह सर्वांना होतो, परंतु एकाच जातीत करड्यापासून काळ्यापर्यंत छटा आढळतात, आणि मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग तर काही महिन्यांतच उडतो. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील जुन्या बरण्या पाहिल्या, तर बहुतेक समुद्रकाकड्या एकाच मळकट तपकिरी रंगाच्या दिसतात. रंगाची नोंद प्राणी जिवंत असताना करावी, पण निर्णय तीवर सोपवू नये.

बाह्य तपासणीचा प्रारंभ तोंडाकडून करावा. हाताळताच प्राणी संस्पर्शक आत ओढून घेतो व दोन्ही टोके सारखी दिसू लागतात. म्हणून त्यास काही काळ समुद्राच्या पाण्यात निवांत ठेवून संस्पर्शक बाहेर आल्यावर त्यांची संख्या व आकार पाहावा. ढालीसारखे चपट्या टोकाचे व बहुधा वीस संस्पर्शक असतील, तर प्राणी होलोथुरिया व तिच्या निकटच्या प्रजातींपैकी असण्याचा संभव अधिक. झाडाप्रमाणे फांद्या फुटलेले संस्पर्शक निराळ्याच गणाचे लक्षण होय. त्यानंतर नालपाद पाहावेत. शरीराच्या पाच पट्ट्यांपैकी तीन पोटाकडे व दोन पाठीकडे असतात. पोटाकडील नालपाद चिकटण्यासाठी असतात, तर पाठीकडील नालपादांचे पुष्कळदा लहान पिटिकांत रूपांतर झालेले असते. नालपाद मुळीच नसून त्वचा बोटांना चिकटत असेल, तर तो सिनॅप्टाच्या कुलातील प्राणी समजावा.

गुदद्वारही अवश्य तपासावे. त्याभोवती चुन्याचे पाच कठीण दात स्पष्ट दिसल्यास प्रजाती ॲक्टिनोपायगा होय. ही खूण वाळलेल्या मालातही टिकते, हे तिचे विशेष महत्त्व. उलटपक्षी, शरीराचा आडवा छेद चौकोनी वाटल्यास स्टायकोपसचा विचार करावा. (गुदद्वारातून कधी कधी एक लांबट मासाही डोकावतो. तो समुद्रकाकडीचा अवयव नसून तिच्या उदरात आश्रयास राहणारा मोत्या मासा होय!)

आंतररचनेत दोन गोष्टी निर्णायक ठरतात. होलोथुरियाच्या कुलात जननग्रंथीचा एकच झुबका डाव्या बाजूस असतो, तर स्टायकोपसच्या कुलात डावीकडे व उजवीकडे असे दोन झुबके आढळतात. दुसरी गोष्ट क्यूव्हिएर नलिकांची. श्वसनवृक्षाच्या बुडाशी असलेल्या या पांढऱ्या नलिका काही जाती शत्रूवर फेकतात व त्या चिवट धाग्यांप्रमाणे हातास चिकटतात. बोहाडशिया प्रजातीत त्या विपुल असतात. स्टायकोपसच्या कुलात त्या नसतात. मात्र घाबरलेली समुद्रकाकडी पुष्कळदा आपली आतडीच बाहेर टाकते. त्यामुळे रिकाम्या शरीरात एखादा अवयव दिसला नाही, एवढ्यावरून तो त्या जातीत नसतोच असे अनुमान काढू नये.

एवढे करूनही जातीपर्यंत पोहोचता येतेच असे नाही. अखेरचा पुरावा त्वचेत दडलेला असतो. तारामाशाच्या नात्यातील इतर प्राण्यांचा चुन्याचा सांगाडा समुद्रकाकडीत विखुरला जाऊन त्याचे सूक्ष्म कण त्वचेत राहिलेले असतात. त्यांना कंटिका म्हणतात. बहुधा त्या एक दशांश मिलिमीटरहूनही लहान असतात, पण त्यांची घडण इतकी नेमकी असते की पाहणारा थक्क व्हावा. काही कंटिका छिद्रे असलेल्या तबकडीवर खांब उभे केलेल्या मेजासारख्या असतात, काही शर्टाच्या गुंडीसारख्या, काही फुलोऱ्यासारख्या, तर काही नुसत्या काड्या. स्टायकोपसमध्ये इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकड्या काड्या, तर सिनॅप्टाच्या कुलात चक्क जहाजाचे नांगर आढळतात. त्वचा बोटांना चिकटते ती या नांगरांमुळेच. ॲक्टिनोपायगामध्ये मेजे व गुंड्या नसून काड्या व फुलोरे असतात.

कंटिका पाहण्याची रीत सोपी व अल्पखर्चाची आहे. मसुरीच्या दाण्याएवढा त्वचेचा तुकडा काचेच्या नळीत घेऊन त्यावर सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे कपड्यांचे डाग काढण्याचे, विरंजक द्रावण थोडे ओतावे. मांसल भाग विरघळला की तळाशी पांढरा गाळ राहतो. वरील द्रव हलक्या हाताने काढून टाकावा व शुद्ध पाण्याने गाळ चार-पाच वेळा धुवावा. दर वेळी कण खाली बसू द्यावेत, घाई करू नये. नंतर थेंबभर गाळ काचपट्टीवर घेऊन शंभर पट मोठे दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. महाविद्यालयातील साधा सूक्ष्मदर्शक या कामास पुरेसा आहे.

या कामी आम्लाचा स्पर्श कटाक्षाने टाळावा. आम्लात चुना विरघळतो आणि पुरावाच नष्ट होतो. शिवाय विरंजक द्रावणात आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. याच कारणास्तव नमुने फॉर्मॅलिनमध्ये न ठेवता ७० टक्के मद्यार्कात ठेवावेत, कारण फॉर्मॅलिन कालांतराने आम्लधर्मी बनते व कंटिका झिजवते. त्वचेचे तुकडे पाठीकडून, पोटाकडून, नालपादांतून व संस्पर्शकांतून असे निरनिराळे घेऊन निरनिराळे ठेवावेत. एकाच प्राण्याच्या भिन्न भागांत भिन्न आकार असतात, आणि कित्येक जातींत ते वयानुसारही बदलतात. नमुना गोळा करण्यापूर्वी वनखात्याची रीतसर परवानगी घेतलेली असावी, हे वेगळे सांगावयास नको.

आता त्या दोन काळ्या जातींकडे वळू. होलोथुरिया आट्रा आणि होलोथुरिया ल्यूकोस्पायलोटा या दोन्ही उथळ पाण्यात आढळतात, दोन्ही काळ्या, आणि दोहोंस सुमारे वीस काळे संस्पर्शक असतात. आट्रा उघड्यावर पडून राहते व अंगावर वाळू पांघरते. त्या वाळूत पाठीवर दोन ओळींनी गोल मोकळे ठिपके दिसतात. तिची त्वचा चोळल्यास बोटांस लालसर जांभळा रंग लागतो. ल्यूकोस्पायलोटा अधिक लांब व मऊ. ती मागचे टोक खडकाखाली रोवून पुढचे शरीर अन्नाच्या शोधात ताणते. तथापि ही केवळ सूचक लक्षणे होत, कारण वाळू धुतली जाते आणि प्राणी जागा सोडतो. शवविच्छेदन केल्यास ल्यूकोस्पायलोटात क्यूव्हिएर नलिका मिळतात, आट्रात मिळत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली तर शंकेस जागाच उरत नाही: आट्रामध्ये मेजे व लहान फुलोरे असतात, गुंड्या नसतात, ल्यूकोस्पायलोटात मेजांबरोबर गुळगुळीत, बहुधा तीन जोड छिद्रांच्या गुंड्या आढळतात.

व्यापारात जिला सर्वाधिक मागणी होती, ती होलोथुरिया स्काब्रा या दोहोंहून निराळी. पाठ करडी, तीवर आडव्या गडद सुरकुत्या, पोट पांढरट, आणि त्वचेत गाठी असलेल्या गुंड्या. चिखलमिश्रित वाळूत ती स्वतःस पुरून घेते. १९८८ साली तुतिकोरीन येथे केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेत डॉ. डी. बी. जेम्स यांनी हिचेच बीज प्रथम तयार केले. अशा कामात जनक प्राण्यांची निवड जातीची खात्री करूनच व्हावी लागते. स्काब्राचाच एक प्रकार म्हणून दीर्घकाळ गणली गेलेली सोनेरी समुद्रकाकडी २००९ साली होलोथुरिया लेसोनी ही स्वतंत्र जात म्हणून वर्णिली गेली. या दोहोंचा संकरही होतो. जुन्या यादीतील स्काब्रा ही स्काब्राच असेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

वाळलेल्या मालाबाबत एक अडचण लक्षात घ्यावी. स्काब्रा वाळविताना ती उकळून वाळूत पुरतात व त्वचेचा बाहेरील चुनकट थर खरवडून काढतात. त्याबरोबर बऱ्याच कंटिका निघून जातात. उकळण्याने व वाळविण्याने मात्र कंटिका नष्ट होत नाहीत. म्हणून असा तुकडा पाण्यात भिजवून, खरवडण्यातून सुटलेल्या सुरकुत्यांच्या खोबणीतून व तोंडाच्या कडेतून त्वचा घ्यावी, आणि एका नमुन्यावर न थांबता त्याच ढिगातील आणखी काही तुकडे तपासावेत. बरणीवरील चिठ्ठीत ठिकाण, दिनांक, पाण्याची खोली, तळ वाळूचा की खडकाचा आणि जिवंतपणीचा रंग एवढे तरी शिसपेन्सिलीने लिहावे; शाई मद्यार्कात विरघळते.