ढिगातून नेमका शोधनिबंध

प्रश्न : नवजात बाळांच्या घरच्या देखभालीवरचे शोधनिबंध कसे शोधावेत? – नर्सिंगची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : सुरुवात पबमेडपासून. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून सर्वांना मोफत आहे. मात्र नुसतं ‘न्यूबॉर्न’ टाकलं, की निकालांचा ढीग कोसळतो. तिथे विषयांना ‘मेश’ नावाच्या ठरीव संज्ञा दिलेल्या असतात. ‘इन्फंट, न्यूबॉर्न’ आणि ‘होम केअर सर्व्हिसेस’ या दोन संज्ञा कॅपिटल अक्षरांतल्या ‘अँड’ने जोडल्या, की पसारा आवरतो.

दुसरी वाट एखाद्या महत्त्वाच्या अभ्यासापासून निघते. याच विषयावरचा डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. पबमेडवर त्याच्या नोंदीखालच्या ‘साइटेड बाय’मधून त्याचा आधार घेणारे पुढचे अभ्यास उलगडतात. ही वाट विद्यार्थी सहसा विसरतात.

पबमेडवर अनेकदा सारांशच असतो. पूर्ण लेख पबमेड सेंट्रलवर पाहावा. नसेल तर सरळ कॉलेजच्या ग्रंथपालांना गाठावं.