रिपोर्टमध्ये ‘जन्मजात दोष’ लिहिलं असेल तर



मी निवृत्त झालो तरी आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत रिपोर्ट हातात येतातच. अलीकडे एक प्रश्न दोन-तीनदा आला: ‘डॉक्टर, हृदयाची रक्तवाहिनी जन्मापासूनच भलत्या जागेवरून निघाली आहे, असं स्कॅनमध्ये लिहिलंय. आता काय करायचं?’ पूर्वी हे कळतच नसे. आता छातीत दुखलं की सीटी स्कॅन होतो, आणि सत्तर वर्षं निमूट काम करणारी वाहिनी एकदम चर्चेत येते.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य वाहिन्या महाधमनीच्या बुडापासून निघतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. काहींमध्ये दोन्ही एकाच बाजूने निघतात. क्लीव्हलँड क्लिनिकने १९९० मध्ये १,२६,५९५ अँजिओग्राफींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १.३ टक्के लोकांत असा काही ना काही फरक आढळला, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी होते.

खरी काळजी असते ती डावी वाहिनी उजवीकडून निघून महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी मोठी वाहिनी यांच्या मधून गेली तर. तिचं तोंड बरेचदा फटीसारखं असतं. धावताना ती फट दबते, आणि रक्ताची गरज सर्वांत जास्त असते त्याच क्षणी पुरवठा कमी पडतो. म्हणून हा धोका आपल्यापेक्षा नातवंडांना अधिक. प्रसिद्ध बास्केटबॉलपटू पीट मॅराविच १९८८ मध्ये मित्रांबरोबर खेळताना कोसळून गेला, वय अवघं ४०. त्याला डावी वाहिनी नव्हतीच, हे शवविच्छेदनात कळलं. दहा मोसम तो व्यावसायिक खेळला होता!

तेव्हा नातू-नात खेळताना चक्कर येऊन पडली किंवा छातीत दुखलं म्हणाली, तर ‘सकाळी नीट खाल्लं नसेल’ म्हणून सोडू नका. ईसीजी चांगला आला, एवढ्यावर समाधान मानू नका. ट्रेडमिलची चाचणीही अशा मुलांत चांगली येऊ शकते. इको करतात, पण वाहिनीची वाट नेमकी दिसते ती सीटी अँजिओग्राफीत. दोष धोक्याचा निघाला तर शस्त्रक्रियेने ते तोंड रुंद करता येतं किंवा वाहिनी योग्य जागी जोडता येते.

आपल्या वयात, विशेषतः उजवी वाहिनी डावीकडून निघालेली असेल, त्रास नसेल आणि ताण-चाचणी ठीक असेल, तर बहुधा काहीच करावं लागत नाही. माझ्या मते साठीनंतर बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉलच जास्त छळतात. मात्र स्कॅनच्या डायपूर्वी किडनीचा त्रास आणि मेटफॉर्मिनची गोळी यांबद्दल डॉक्टरांना सांगा. कोणतीही गोळी मनाने बंद करू नका.

सभागृहात एईडी यंत्र बसवण्यासाठी विश्वस्तांनी वर्गणी सुरू केली आहे. कोणी कोसळलं तर एकाने ९११ ला फोन करायचा, दुसऱ्याने छाती दाबायला लागायचं, तिसऱ्याने यंत्र आणायचं. पुढे काय करायचं ते यंत्र स्वतः बोलून सांगतं. पावती पुस्तक कार्यालयात आहे.