पिकअपला पाटा वाढवण्याआधी हुकवरचं वजन मोजा



काढणीच्या दिवसांत आपले बरेच सभासद पिकअपच्या मागे छोटा दोन चाकी ट्रेलर जोडतात. कधी क्रेट, कधी पाण्याची टाकी, कधी जनरेटर. ट्रेलर जोडला की गाडी मागून बसते आणि मग प्रश्न येतो, "मॅडम, मागं एक पाटा वाढवू का?" महिन्यातून दोन-चार वेळाच ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी आजची माहिती.

*१. पाट्याने क्षमता वाढत नाही*
पाटा फक्त गाडी वर उचलून धरतो. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक, चेसिस आहे तेवढंच राहतं. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन हीच तुमची मर्यादा. पाटा टाकल्यावर गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून आपण अजून चार क्रेट चढवतो. खरा धोका तिथून सुरू होतो.

*२. गाडी का बसते?*
दोन चाकी ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. साधारण १० ते १५ टक्के हुकवर यायला हवं. त्यापेक्षा कमी आलं तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे डोलतो. जास्त आलं तर गाडी बसते.

हिशोब बघा. ट्रेलर मालासकट ८०० किलो असेल तर हुकवर ८० ते १२० किलो. पण हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे पहारीसारखा जोर लागतो. दोन एक्सलमध्ये ३ मीटर अंतर आणि हुक मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे धरला, तर हुकवरच्या १२० किलोचे मागच्या एक्सलवर १६८ किलो होतात. वरचे ४८ किलो पुढच्या एक्सलवरून कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग हलकं लागतं आणि पुढचे ब्रेक कमी पकडतात. घाट उतरताना हेच जिवावर येतं. रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, ते वेगळंच.

*३. आधी मोजा, मग गॅरेजला जा*
✅ सपाट जागेवर रिकाम्या गाडीची पुढची आणि मागची उंची टेपने मोजून लिहा. मग नेहमीसारखा माल भरून, ट्रेलर जोडून पुन्हा त्याच ठिकाणी मोजा. मागचं किती बसलं आणि पुढचं किती उचललं, दोन्ही कळतं.
✅ ट्रेलर भरून त्याच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. दांडीचं टोक हुकाच्या उंचीवर राहील असा लाकडी ठोकळा माल मोजायच्या काट्यावर ठेवा आणि टोक त्यावर टेकवा. हेच हुकवरचं वजन. काट्याची क्षमता आधी बघा.
✅ बाजारात जाताना वजनकाट्यावर पूर्ण गाडीचं आणि नुसत्या मागच्या चाकांचं वजन करून पावती ठेवा.

हुकवर जास्त येत असेल तर जड क्रेट ट्रेलरच्या चाकांच्या वर सरकवा. पाण्याची टाकी असेल तर १००० लिटर म्हणजे सरळ १ टन. शक्य असेल तिथे टाकी रिकामी न्या आणि शेतावर भरा. अर्धी टाकी कधीच नेऊ नका, पाणी हिंदकळून गाडीला धक्के देतं. बऱ्याच जणांचं काम इथेच, एक रुपयाही खर्च न करता होतं.

*४. तरीही बसत असेल तर या क्रमाने*
🔹 *जुनं दुरुस्त करा.* सपाट झालेला किंवा तुटलेला पाटा, झिजलेले बुश, ढिले यू-बोल्ट, गळके शॉकअप. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा.
🔹 *रबरी हेल्पर.* चेसिस आणि एक्सलच्या मध्ये बसतो. गाडी दबली तरच टेकतो, रिकाम्या गाडीला त्रास नाही. कधीमधी ट्रेलर ओढणाऱ्याला बहुतेक वेळा हा पुरतो.
🔹 *हेल्पर पाटा.* हाही वजन आल्यावरच काम करतो. काही गाड्यांना कंपनीतूनच असतो, आधी खाली वाकून बघा.
🔹 *एअर बॅग.* हवा कमी-जास्त करून उंची जुळवता येते. पण गळती, सायलेन्सरजवळचा पाइप, खडीचा मार, ही देखभाल कायमची. हवा रोज तपासणार असाल तरच घ्या.
🔹 *कायमचा जादा पाटा.* सगळ्यात शेवटी. महिन्याचे बाकी दिवस ट्रेलर नसतो, तेव्हा गाडी कडक होऊन आदळते. टोमॅटो, द्राक्षासारखा नाजूक माल अर्ध्या भरलेल्या कडक गाडीत जास्त डागाळतो. दोन दिवसांच्या सोयीसाठी बाकी दिवसांचा भाव घालवू नका.

⚠️ *मिस्त्रीला हे नक्की विचारा:* काही पिकअपला मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह गाडीच्या मागच्या उंचीवर चालतो. पाटा वाढवून गाडी वर राहिली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. पाट्याचं काम झाल्यावर हा व्हॉल्व्ह तपासून घ्या.

*५. कायदा आणि विमा*
ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायची मर्यादा दिलेली नसेल तर हुक बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरला आणि आरटीओत विचारा. आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मनाई आहे. जादा वजनाला कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हेच मुद्दे निघतात.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर सगळं ओझं पिकअपच्या ब्रेकनेच थांबवायचं असतं. त्याला कोणताही पाटा मदत करत नाही. वेग कमी, अंतर जास्त, घाटात उतरताना खालचा गिअर.

या आठवड्यात टेप आणि काटा घेऊन मोजणी करा. चार आकडे (पुढची-मागची उंची, हुकवरचं वजन, मागच्या एक्सलचं वजन) आणि आरसीवरचं एकूण वजन या नंबरवर पाठवा. गॅरेजला जाण्याआधी आपण मिळून बघू. माल वेळेत पोचला पाहिजे, पण तुम्ही घरी पोचणं त्याच्या आधी.