कसुतीतील गवंती टाका

इरकली लुगड्याच्या पदराजवळ व बाळाच्या कुंचीवर काढला जाणारा धारवाडकडील कसुती हा कशिदा सीमाभागातील मराठी घरांनाही परिचित आहे. यात कापडावर नक्षी छापून घेत नाहीत. उभे-आडवे धागे मोजूनच टाका घालावयाचा असतो. मुरगी, नेगी, मेंथी व गवंती या चार टाक्यांपैकी नवशिक्या स्त्रीने गवंतीपासून आरंभ करावा. धावदोरा घालीत रेघेच्या टोकापर्यंत जावे, मग त्याच छिद्रांतून परत फिरून मोकळ्या जागा भराव्यात. गवंती हे नाव कानडीतील गाठ या अर्थाच्या शब्दावरून आले. गंमत अशी, की कामात गाठ मुळीच मारावयाची नसते. एक धागा चुकला, तर तुळशीवृंदावनाची कड जुळत नाही व सारी ओळ उसवावी लागते. मोजणी साधली, की उलट बाजूही सुलटीइतकीच देखणी उतरते. यंत्रावरची नक्कल पदर उलटताच ओळखू येते.