संगणकास प्रश्न कसा विचारावा

पूर्वीं शाळेच्या कचेरींत जें काम जाडजूड नोंदवह्या करीत, तें आतां बहुतेक ठिकाणीं डेटाबेसकडे आलें आहे. त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याची एक आडवी ओळ असते, आणि नांव, इयत्ता, गांव, जन्मतारीख यांचे उभे रकाने असतात. हव्या तेवढ्याच ओळी निवडण्यासाठीं जो प्रश्न विचारावयाचा, त्यास क्वेरी म्हणतात. नोंदींची ही कोष्टकरूप मांडणी एडगर कॉड यांनीं १९७० सालीं सुचविली. रिकाम्या कोष्टकांत नमुना भरून प्रश्न विचारण्याची युक्ति त्याच दशकांत मोशे झ्लूफ यांनीं काढिली. १९९२ सालीं निघालेलें मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आणि विनामूल्य मिळणारें लिब्रेऑफिस बेस, या दोहोंत आज तीच युक्ति दिसते.

यंत्र चुकत नाहीं असें आपण म्हणतों. तें खरें, परंतु आपण विचारलें तेवढ्याचेंच तें उत्तर देतें, आपल्या मनांत होतें त्याचें नव्हे.

कोष्टकांत अटींची एक ओळ असते व तिच्याखालीं 'किंवा' या अर्थाची दुसरी. एका ओळींतील सर्व अटी एकदम जुळाव्या लागतात. खालची ओळ हा स्वतंत्र पर्याय होय. आठवींतील जीं मुलें पनवेल किंवा उरण येथून येतात, त्यांची यादी हवी आहे असें समजा. पुष्कळ जण वर '८' व 'पनवेल' लिहून खालीं नुसतें 'उरण' लिहितात. मग उरणचीं सगळ्या इयत्तांचीं मुलें यादींत शिरतात! खालींहि '८' पुन्हा लिहिलें पाहिजे. तसेंच 'नवीन पनवेल' असें लिहिणारींहि मुलें हवीं असल्यास 'लाइक' हा शब्द योजून पनवेलच्या मागेंपुढें तारा काढावा.

याहून फसवा प्रकार निराळाच आहे. शाळेंत ६०० मुलें आहेत. बाहेरगांवच्या मुलांस एस.टी.चे सवलतीचे पास मिळावे म्हणून यादी करावयाची आहे. लेखनिकानें 'गांव पनवेल' असें विचारलें; ३४० नांवें आलीं. 'गांव पनवेल नव्हे' असें विचारलें, २३५ आलीं. बेरीज ५७५. उरलेलीं २५ मुलें गेलीं कोठें?

तीं कोठेंच गेलीं नाहींत. त्यांच्या प्रवेशपत्रावर पालकांनीं गांवाचा रकाना मोकळा सोडला होता, आणि म्हणून कोष्टकांतहि तो कधीं भरला गेला नाहीं. मोकळा रकाना म्हणजे 'माहीत नाहीं'. जें माहीतच नाहीं तें पनवेल आहे काय, या प्रश्नास 'होय' म्हणतां येत नाहीं. नाहीं काय, यासहि 'होय' म्हणतां येत नाहीं. क्वेरी तर अट निश्चित खरी ठरेल तीच ओळ घेते. त्यामुळें तीं मुलें दोन्ही याद्यांतून गळालीं, आणि गळालेलें नांव यादी पाहून कोणाच्या ध्यानांत येणार? चुकून शिरलेलें नांव निदान डोळ्यांस खुपतें! पास वांटले जातील त्या दिवशीं एखादी मुलगी रिकाम्या हातीं घरीं जाईल, तेव्हांच तें कळावयाचें.

यास्तव याद्यांची बेरीज एकूण संख्येशीं ताडून पाहावी. ती जुळली नाहीं, तर त्याच रकान्याखालीं ॲक्सेसमध्यें 'इज नल' आणि बेसमध्यें 'इज एम्प्टी' ही अट रोमन लिपींत लिहून तिसरी क्वेरी चालवावी. मोकळ्या रकान्याचीं २५ नांवें समोर येतात. तीं वर्गशिक्षकांकडे दिलीं, कीं गांव कोणतें हें मुलांनाच विचारून रकाना भरतां येतो.